डेझीचा बोभाटा

नव्वदच्या दशकात आमच्या कन्हेरीत बाळांची नावं इंग्रजी होऊ लागली, त्याला मी थोडीशी जबाबदार आहे. थोडीशी म्हणजे बऱ्यापैकी.

तेव्हा मी बारामतीतल्या एका इंग्रजी बालवाडीत शिकवायचे, त्यामुळे इंग्रजी आपल्या घरचंच, असा माझा तोरा. भावाला पहिली मुलगी झाली आणि पाचवी पूजायला आम्ही वहिनीच्या माहेरी, वरकुट्याला गेलो. पाळण्यातलं नाव ठेवायचा मान आत्याचा, म्हणजे माझा. वहिनीनं मला जवळ बसवून घेतलं.

“वन्सं, माझ्या नावाच्या ह्या गावात सात जणी हायती. हापशावर कुणी हाक मारली की साती वळत्यात. माझ्या पोरीला असं नाव द्या, की हाक मारल्यावर ती एकटीच वळंल.”

मी हळूच सांगितलं, डेझी. तिनं अर्थ विचारला. बालवाडीच्या भिंतीवर त्या फुलाचं चित्र होतं. पांढऱ्या पाकळ्या, मधे पिवळा गोंडा. साहेबाच्या देशातली आपल्या शेवंतीची मावसबहीणच समज, असं मी म्हटलं. वहिनी खूश झाली. बारशापर्यंत कुणाला सांगायचं नाही, अशी तिनं मला शपथ घातली.

ती मी पाळली. एसटी सुटेपर्यंत.

गाडीत शेजारी आमच्याच गावच्या एक काकू होत्या. त्यांचीही सून आठवड्याची बाळंतीण. त्यांना मी नाव सांगणारच नव्हते, नुसता अर्थ सांगत होते. पण अर्थ इतका रंगला, की नावाशिवाय तो संपेचना. दुसऱ्या दिवशी गिरणीत दळणाला बसलेल्या बायका म्हणाल्या, तेवढं मावसबहिणीचं सांगा की. समोर प्रेक्षक असले की मला गप्प बसवत नाही. पिठाच्या धुरळ्यात मी दोन्ही हातांनी पाकळ्या उमलून दाखवल्या. ऐकणाऱ्यांपैकी एकीची लेक दिवसांत होती, हे माझ्या ध्यानात यायला हवं होतं.

बारशाला कन्हेरीच्या बायका टेम्पोनं आल्या. काकू उतरल्या त्या थेट वहिनीपाशी.

“आमच्या नातीचं कालच उरकलं बग. डेझी ठिवलं. गिरणीत भेटती त्या बाईच्या घरी बी तेच ठरलंय. लई गोड अर्थ हाय, तुला म्हायती न्हाय व्हय?”

वहिनीनं माझ्याकडं पाहिलं. मी पाळण्याकडं पाहिलं.

आत्यानं नाव घेतलं, की तिच्या पाठीत धपाटे घालायची आमच्याकडं रीत. बायका हात सरसावून मागं उभ्याच होत्या. मी वाकले. डोक्यात दुसरं नावच नाही, नुसती ती पांढरी-पिवळी फुलं. आणि मग आठवलं, की खुद्द आपल्या फुलाचं नाव हल्ली कुणीच ठेवत नाही. बाळाच्या कानात म्हटलं, शेवंता.

धपाटे पडले. त्यातला सगळ्यात सणसणीत वहिनीचा होता. बाळंतिणीच्या अंगात एवढं बळ असतं, हे मला नव्यानं कळलं. म्हाताऱ्या हरखल्या, पण वहिनी वर्षभर माझ्याशी कामापुरतंच बोलली.

पुढं पोरगी शाळेत गेली. पहिल्या दिवशी तिला आणायला आम्ही नणंद-भावजय फाटकाशी उभ्या होतो. कुणाच्या तरी आईनं डेझीला हाक मारली आणि तीन पोरी वळल्या.

आमची तर समोरूनच चालत येत होती. तरी वहिनीनं पदर सावरला, ती मैत्रिणीला टाटा करायला पाठमोरी होईपर्यंत थांबली आणि अख्ख्या रस्त्याला ऐकू जाईल अशी हाक मारली, “शेवंता.”

एकटीच वळली.