चौदा दिवसांचा पिठ्ठू

आमची पोस्ट साडेअकरा हजार फुटांवर होती. नाव सांगत नाही. माणसं बारा, तंबू तीन, बंकर दोन, रेडिओ सेट एक, सेटवरचं आमचं नाव ब्राव्हो थ्री. सेटवर आम्ही दोघं सिग्नलवाले: लान्स नायक शमुवेल साळवे, म्हणजे मी, आणि नायक दत्ताराम परब. मी परळचा, तो करी रोडचा. आमच्या घरांमध्ये चालत पंधरा मिनिटांचं अंतर. तरी ओळख व्हायला दोघांना दोन हजार किलोमीटर लांब जावं लागलं.

पहाटे पाचला स्टँड-टू, म्हणजे हत्यार घेऊन मोर्च्यात उभं राहायचं. सातला चहा. दर तासाला सेटवरून ओके रिपोर्ट. मधल्या वेळेत मोजे वाळवायचे. तुम्हा सिव्हिल लोकांना वाटतं, फौज म्हणजे बंदूक. निम्मी फौज मोजे वाळवण्यात जाते.

त्याला कारण आमचे सीओ साहेब, म्हणजे बटालियनचे कमांडिंग ऑफिसर. माणूस उत्तम, पण जवानांच्या पायांवर त्यांचा भलताच जीव. बर्फात बोटं गमावलेली माणसं त्यांनी पाहिली होती. कुठेही आले की आधी घसा खाकरायचे आणि सुरू व्हायचे. "जवानो, पैर ठीक, तो फौज ठीक. आय रिपीट. पैर ठीक, तो फौज ठीक. मोजे उतार."

मला नकला करायची खोड लहानपणापासून. चर्चमधल्या म्हाताऱ्या पाळकांची नक्कल केली म्हणून बाबांचा मार खाल्ला होता. सुधारणा शून्य. सीओ साहेबांची नक्कल तर मी अशी करायचो की परब झोपेत उठून मोजे काढायचा.

जुलैतला शनिवार. चार ते सहा सेटवर ड्यूटी माझी. सोळा चाळीसला, म्हणजे चार चाळीसला, परब कुकर धुऊन बंकरात आला. मी त्याच्या हातातून कुकर घेतला आणि न बघता टेबलावर ठेवला. टेबलावर हँडसेट होता. हँडसेटला एक बटण असतं. दाबलं की तुमचं बोलणं सगळ्या नेटवर, म्हणजे सगळ्या पोस्टच्या सेटवर, जातं आणि तुम्हाला कोणाचं ऐकू येत नाही. कुकर बरोबर त्या बटणावर बसला. परब म्हणाला, "शम्या, पायाचा लेक्चर होऊन जाऊ दे." मी घसा खाकरला.

चार मिनिटं बोललो. पावडर कुठे लावायची, बोटांमध्ये किती, नखं कशी कापायची, सगळं आय रिपीटसकट. शेवटी आवाज चढवून हुकूम दिला, "सब पोस्ट, मोजे उतार. पैर चेक. रिपोर्ट दो." परब पोट धरून लोळत होता. भात लावायचा म्हणून मी कुकर उचलला आणि सेट बोलायला लागला.

"कंट्रोल, ब्राव्हो टू. पूरी पोस्ट मोजे उतार के खडी है. सब पैर ओके. ओव्हर."

"कंट्रोल, ब्राव्हो फोर. एक आदमी का अंगूठा थोडा लाल है. बाकी ओके. ओव्हर."

मग कोणीतरी घसा खाकरला. हे खाकरणं अस्सल होतं. "ये ऑर्डर किसने दिया? ओव्हर."

परब लोळायचा थांबला. सीओच्या आवाजात नेटवर हुकूम देणं म्हणजे काय, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. नऊ दिवसांनी माझं लग्न होतं. सुट्टी मंजूर झालेली, परळच्या चर्चमध्ये तीन रविवार लग्न जाहीर झालेलं, रिबेकाच्या घरचे नागपूरहून निघायच्या तयारीत. परबाला मुलगी झाली होती. मी लग्न करून परतलो की तो जाणार होता, म्हणून त्याच्यासाठी बारसं थांबवून ठेवलं होतं. नावही त्याने ठरवलं होतं. सई.

मी हँडसेटकडे बघत बसलो. परबाने तो माझ्या हातून घेतला. म्हणाला, "शम्या, तुझा लगीन तुझ्याशिवाय होवचा नाय. बारसा माझ्याशिवाय होतला. तू पाणी आणूक गेलंस, इतक्याच ध्यानात ठेव." आणि बटण दाबून बोलला, "कंट्रोल, ब्राव्हो थ्री. नायक परब, साब. ड्यूटी मेरे पास थी. ओव्हर."

तिसऱ्या दिवशी खाली कंपनी हेडक्वार्टरला सीओ साहेबांसमोर पेशी झाली. आरोपीची टोपी आणि बेल्ट उतरवतात, मग आत मार्च करवतात. परब तसा आत गेला. मी साक्षीदार म्हणून चार पावलांवर उभा होतो, टोपी घालून.

साहेब म्हणाले, "बोल के दिखाओ."

परबाने नक्कल केली. लालबागच्या बाजारात कोणी सुरमई विकावी तशी. आमच्या पोस्टच्या सुभेदार साहेबांनी तोंड दुसरीकडे फिरवलं. सीओ साहेबांनी परबाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, बराच वेळ. मी समोरच्या भिंतीवर नजर ठेवली आणि गप्प राहिलो. माझा गुन्हा हाच. नक्कल हा गाढवपणा होता. गप्प राहणं हे पाप होतं.

"चौदा दिन पिठ्ठू. छुट्टी कॅन्सल. मार्च आउट."

पिठ्ठू म्हणजे पाठीवर वीस किलोची वाळूची पिशवी घेऊन धावणं. मी सुट्टीवर निघालो तेव्हा परब हेलिपॅडला फेऱ्या मारत होता. मला बघून ओरडला, "लग्नाचा मटण खाताना माझी आठवण काढ रे!" मी काढली नाही. खरं तेच सांगतो. लग्नात कोणाला कोणाची आठवण येते?

बारसं त्याच्याशिवाय झालं. आत्याने आपल्या मनाने नाव ठेवलं, तेजस्विनी. परब दिवाळीला दहा दिवस घरी जाऊन मुलीला पाहून आला. जानेवारीत तो लिंक पेट्रोलवर गेला, म्हणजे दोन पोस्टमधल्या गस्तीवर. सेटवर मी होतो. सहा दहाला त्याचा मेसेज आला, "ब्राव्हो थ्री, सब ओके, ओव्हर." सव्वासहाला वरचा बर्फाचा कडा गस्तीवर सुटला. मी सेटवर त्याला बोलावत राहिलो. आठ वाजता सुभेदार साहेबांनी माझ्या हातून हँडसेट काढून घेतला.

पुढे मी हवालदार झालो, पेन्शनवर आलो, परळला परतलो. परब गेल्यापासून एकाही माणसाची नक्कल केली नाही. दर रविवारी चर्चला जायचो. पण प्रभुभोजनाचं मेज लागलं, लोक भाकर आणि द्राक्षारस घ्यायला पुढे निघाले, की मी दारावर जाऊन उभा राहायचो. सात वर्षं. मंडळीला वाटायचं, साळवे किती सेवाभावी!

यंदा लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या, पहिल्या रविवारी आमचे नवे पाळकसाहेब, रेव्हरंड अमोल, दारापाशी आले. वय तीस असेल. मी सवयीने सावधान झालो.

"साळवेकाका, भाकर घ्यायच्या वेळेला तुम्ही नेमके दारावर कसे असता?"

"सिक्युरिटी, साहेब."

"कोणापासून?"

त्यांनी मला आत बसवलं. मी रिपोर्ट दिला, पण अर्धाच. कुकर, नक्कल, ब्राव्हो फोरचा अंगठा. परबाचं नाव गाळलं. पाळकसाहेब आधी हसले, मग हसल्याबद्दल माफी मागितली. मग शांतपणे म्हणाले, "काका, प्रभूपाशी कबूल केलंत ना? मग क्षमा झाली. मोकळे आहात."

"आणि सजा?"

"सजा नाही."

"साहेब, असं नसतं. गुन्हा आहे तर सजा आहे. नाहीतर फौज चालायची कशी?"

"सजा होतीच, काका. ती तुमच्या जागी दुसऱ्याने भोगली. म्हणून तर तुम्ही सुटलात."

मी ताडकन उभा राहिलो. "तुम्हाला कोणी सांगितलं?"

"कोणी म्हणजे? मी दर रविवारी हेच सांगतो," ते गोंधळून म्हणाले आणि त्यांनी वधस्तंभाकडे बोट केलं. मी तिकडे पाहिलं. मला टोपी नसलेला परब दिसला.

फुकटची सुटका मला पचेना. दुसऱ्या दिवशी मी स्वतःला चौदा दिवस पिठ्ठू ठोठावला. वाळू कुठून आणणार? घरात वीस किलो तांदूळ होता, तोच जुन्या पिशवीत भरला आणि सकाळी सहाला मैदानात धावायला सुरुवात केली. हास्यक्लबवाले हसायचे थांबून माझ्याकडे बघायला लागले. चौथ्या दिवशी एका आजोबांनी मला बाकावर बसवून विचारलं, "घरात काही भांडण झालंय का? असं पिशवी भरून निघू नये हो."

सहाव्या दिवशी मला बदल जाणवला. पाठ हलकी वाटत होती. आठव्या दिवशी आणखी हलकी. मी गहिवरलो. वाटलं, होतंय, पापाचं ओझं खरोखर उतरतंय. मी मैदानातूनच पाळकसाहेबांना फोन करून तसं कळवलं. तेही गहिवरले.

नवव्या दिवशी पिशवी एका हाताने उचलली गेली. उघडून बघितली तर तांदूळ निम्म्यावर आलेला.

"रिबेका!"

"ओरडताय काय?" बायको स्वयंपाकघरातून म्हणाली. "तांदूळ आहे तो. दोन्ही वेळा भात चापून खाता, तो कुठून येतो असं वाटलं तुम्हाला?"

मी पिशवीत विटा भरल्या आणि पुन्हा गेलो. दुसऱ्याच फेरीत गुडघा गेला. हास्यक्लबच्या चौघांनी उचलून मला घरी आणलं. रिबेकाने गुडघ्याला बर्फ लावला आणि समोर बसली. "आता खरं सांगा. हे कशासाठी?"

तेव्हा पहिल्यांदा तिला सगळं सांगितलं. आपल्या लग्नाची सुट्टी कोणाच्या सुट्टीतून आली, तेही. ती रडली. मग उठली आणि म्हणाली, "चपला घाला. वहिनींना हे सांगायचं आहे. मैदानाला सांगून काय उपयोग?"

परबाची बायको, सुनंदा वहिनी, करी रोडला राहतात. चाळ गेली, आता टॉवरमध्ये आठवा मजला. दर वर्षी जानेवारीत मी जायचो, चहा प्यायचो, हवापाण्याचं बोलून परत यायचो. या वेळी मी बसलो नाही. दुखऱ्या गुडघ्यावर सावधान उभा राहिलो आणि पूर्ण रिपोर्ट दिला. तेजस्विनी ऑफिसची बॅग खांद्याला लावून दारातच थांबून ऐकत होती. मी म्हणालो, "वहिनी, बारसं माझ्यामुळे हुकलं त्याचं. मी चार पावलांवर होतो. तोंड उघडलं नाही."

वहिनी पदर तोंडाला लावून बसल्या. खांदे हलत होते. मला वाटलं, रडतायत. त्या हसत होत्या.

"भावजी, माका ठावूक असा."

"काय?"

"दिवाळीक इले तेव्हा सगळा सांगल्यानी. कुकर ठेवून करून दाखवल्यानी." त्यांनी डोळे पुसले. "तुमची नक्कल करत होते ते. तुमी भिंतीकडे कसे बघीत उभे होतास, त्याची. चाळ जमली होती बघूक."

मी एकवीस वर्षं जे लपवलं, ते अख्ख्या चाळीला माहीत होतं.

तेजस्विनी म्हणाली, "काका, म्हणजे तुमच्यामुळे मी सई नाही?"

"हो, बाळा. चूक झाली."

"माझ्या वर्गात चार सई होत्या. थँक्यू."

मी तरी म्हणालो, "वहिनी, तुम्ही काहीतरी सजा द्या. मला असं मोकळं सोडू नका. मी स्वतःच चौदा दिवस पिठ्ठू घेतला होता, नऊ झाले, गुडघा गेला. बरा झाला की उरलेले पाच..."

वहिनींचं हसू गेलं. "त्यांनी किती दिवस केल्यानी?"

"चौदा."

"पुरे?"

"पुरे, वहिनी. एक दिवस चुकवला नाही."

"मगे तुमी परत कित्याक धावतास? त्यांचा काय कमी पडला?"

मी खाली बसलो. पाळकसाहेबांनी तेच सांगितलं होतं आणि मी ते ऐकून घेतलं होतं, हुकूम ऐकतात तसं. करी रोडच्या आठव्या मजल्यावर ते मला कळलं. ज्याने माझ्यासाठी भोगलं त्याला मी रोज सकाळी मैदानात जाऊन सांगत होतो की तुझं पुरलं नाही. परबालाही आणि प्रभूलाही. मी रडलो. चांगला मोठ्याने रडलो, तेजस्विनीने पाणी आणून दिलं. आणि सीओ साहेबांना त्या दिवशी सगळं कळलं होतं, हेही तेव्हाच माझ्या ध्यानात आलं. सुरमई विकणारा तो आवाज ऐकूनही त्यांनी परबाची सजा मान्य केली होती.

निघताना वहिनी म्हणाल्या, "येत्या रविवारी मी येतंय तुमच्या चर्चात. तुमी खरांच आत जातास काय ता बघूक होया."

त्या खरंच आल्या, मायलेकी दोघी, सर्वांत मागच्या बाकावर. पाळकसाहेबांनी मेज लावलं. लोक उठले. सात वर्षांच्या सवयीने माझे पाय दाराकडे वळले. वहिनी तिथे आधीच पोचल्या होत्या. नऊवारी खोचून, दाराच्या मधोमध उभ्या.

"तुमी जावा, भावजी. दाराची ड्यूटी माझ्याकडे."

परबांच्या घराने माझी ड्यूटी दुसऱ्यांदा घेतली. मी पुढे गेलो. रिबेकाचा हात धरून मेजासमोरच्या कठड्यापाशी एक गुडघा टेकला, दुसरा टेकेना. पाळकसाहेब म्हणाले, "एक चालेल, काका." भाकर हातात घेतली आणि आधी प्रभूचं नाव घेतलं. मग लग्नाच्या जेवणात काढायची राहिली होती ती आठवण काढली. नायक दत्ताराम परब, सिग्नल, ब्राव्हो थ्री. शेवटचा मेसेज सहा दहा, सब ओके.