आष्ट्याच्या फळ्यावरचे पाच लेख

"ताई, तुमच्या ब्लॉगवर जुनं काही सापडतच नाही. चांगले लेख निवडून एका पानावर लावा की!" असं तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी लिहिलं. म्हटलं, लावू. पंधरा दिवस झाले, रोज बसतेय आणि रोज उठतेय. निवडायला घेतलं की मला सातारा ते सांगली हा दीड दिवसाचा प्रवास आठवतो आणि हातच चालत नाही. तेव्हा आधी तो लिहून टाकते. नव्वदच्या दशकातला आहे, त्यामुळे गाड्यांच्या वेळा आणि भाडी कुणी विचारू नका.

निघायचं कारण अप्पा, म्हणजे माझे वडील. आष्ट्याच्या एका छोट्या वाचनालयात ते ग्रंथपाल होते. वाचनालयाबाहेरच्या काळ्या फळ्यावर रोज सकाळी खडूनं लिहायचे. वर गावच्या बातम्या, कुणाचं लग्न, कुणाचं दुःखद निधन. आणि खाली दहा-बारा ओळी त्यांच्या स्वतःच्या. दुसऱ्या दिवशी ओल्या फडक्यानं सगळं पुसायचं आणि नवं लिहायचं. पुसायचं काम माझं. शाळेला जाताजाता मी फडकं पिळून फळा लख्ख करायचे आणि पळायचे. वाचायचे मात्र नाही. घरातल्या माणसाचं काय वाचायचं, तो तर रोज ताटावर समोर असतोच!

अप्पांनी कागदावर एक ओळ ठेवली नाही. "फळ्यावरचं फळ्यावरच बरं," म्हणायचे. पुढे आई गेली, ते निवृत्त झाले, आणि अर्धांगवायूचा झटका आल्यावर मी त्यांना साताऱ्याला माझ्याकडे आणलं. उजवा हात गेला, बोलणं चार-दोन शब्दांवर आलं. एका दुपारी त्यांनी डाव्या हाताची पाच बोटं वर केली.

"पाच. लेख."

"कुठले लेख, अप्पा?"

"सुभेदार. वह्या."

तासभर खटपट केल्यावर उलगडा झाला. आष्ट्याच्या पुढच्या एका वाडीवर राहणारे निवृत्त सुभेदार वर्षानुवर्षं रोज सायकलवरून येऊन फळा उतरवून घ्यायचे. त्या वह्या मी आणायच्या, त्यातले पाच चांगले लेख निवडायचे, नीट लिहून वाचनालयात ठेवायचे. कुणाला वाचावंसं वाटलं तर सापडावेत म्हणून. जन्मभर काही ठेवायचं नाही म्हणणाऱ्या माणसाला आता पाच ठेवायचे होते. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून दिवस थोडे राहिल्याचं सांगितलं होतं. मी शिकवत होते त्या शाळेतून दोन दिवसांची रजा काढली, शेजारच्या शैलावहिनींना अप्पांजवळ बसवलं आणि एक कोरी वही घेऊन निघाले.

आता चौपदरी रस्ता आहे, तुम्ही गाणी ऐकत दोन-अडीच तासांत सांगलीत पोचाल. तेव्हा एकेरी रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांच्या मागे एसटी रांगायची. उंब्रजला चहा, कऱ्हाडला अर्धा तास मुक्काम, मलकापूर ओलांडताना पुन्हा खोळंबा. मी कंडक्टरला तिसऱ्यांदा विचारलं, "आष्टा किती वाजता येईल हो?"

"ट्रॉली वाट दील तवा," तो म्हणाला. "बाई, घाई हुती तर काल निघायचं न्हवं!"

काल नाही, वर्षापूर्वी निघायला हवं होतं. पण ते तेव्हा कुठे ठाऊक होतं! इस्लामपूरच्या स्टँडवर गरम वडा खाल्ला. झणझणीत होता, डोळ्यांतून पाणी आलं. त्या प्रवासातलं तेवढंच एक पाणी मिरचीचं.

आष्ट्याला उतरले. बाजाराचा दिवस होता. दोन बाया वांग्यांवरून कडाकडा भांडत होत्या. "किडकी वांगी दिऊन वर तोंड करती व्हय गं?" एवढं ऐकून मी वाचनालयाकडे वळले. फळा जागेवर होता, पण त्यावर पिवळ्या ऑइलपेंटनं कॉम्प्युटर क्लासची जाहिरात रंगवली होती. नवे ग्रंथपाल चांगले गृहस्थ. म्हणाले, "आता बातम्या टीव्हीवर बघतात, ताई. फळा कोण वाचतं? क्लासवाल्यानं छपरावर पत्रे घालून दिले." मी नखानं रंग खरवडून पाहिला. वेडेपणाच. खाली काय असणार होतं?

वाडीवर पोचायला रिक्षा मिळाली, पुढचा मैलभर चालत. तुम्ही गेलात तर उन्हं उतरल्यावर जा. दोन्ही बाजूंना ऊस, मध्ये पाटाचं पाणी, फार सुंदर वाट आहे. मला तेव्हा सुंदर वाटली होती. अजून आशा होती ना.

सुभेदार वर्षापूर्वी वारले होते. त्यांच्या कारभारणीनं, सगळे त्यांना अक्का म्हणायचे, मला ओसरीवर बसवलं. भाकरी, वांग्याचं कालवण, खरडा, वर ताक. नको म्हटलं तर रागावल्या. "आप्पांची लेक उपाशी जाईल व्हय माझ्या दारातनं?"

जेवण होईपर्यंत दम धरला. मग विचारलं, "अक्का, सुभेदारांच्या वह्या होत्या ना?"

"हुत्या की! सात वह्या. लाल फडक्यात बांधल्याल्या. ह्येनी रोज फळ्यावरचं चिठ्ठीवर उतरून आणायचं, मग आंगूळ करायचं, गंध लावायचं, पाटावर बसून मगच लिवायचं. पानावर वर श्री काढायचं. आमाला कुनाला हात लावू दिला न्हाई कवा."

"कुठे आहेत?"

अक्कांच्या तोंडावर केवढा अभिमान होता! "आवं, पोथी ती. वाचनारं मानूस गेलं, तर पोथी घरात तशीच ठिवू नये. फडकं सोडायची छाती व्हईना कुनाची. मला तर वाचायबी येत न्हाई. हळद-कुकू वाहिलं, फुलं घातली, आन् सांगलीच्या घाटावर राखंसंगं कृष्णामाईत सोडली. लय मानानं सोडली बगा."

ओरडावंसं वाटलं. कपाळ बडवून घ्यावंसं वाटलं. पण कुणावर ओरडू? त्या माउलीनं अप्पांच्या लेखांना जेवढं मानलं, तेवढं मी एक दिवस तरी मानलं होतं का? "चांगलं केलंत," एवढंच म्हणाले. त्यांनी निघताना माझी ओटी भरली.

रात्री तिथेच राहिले आणि सकाळी सांगली गाठली. साताऱ्याची गाडी उलट्या दिशेला होती, तरी सांगलीला गेले. कशाला, ते विचारू नका. घाटावर बाया धुणं धूत होत्या. पाणी संथ होतं. मी पायऱ्यांवरून खाली वाकून बघत होते, तर एक म्हातारा अंघोळ आटपून वर येताना म्हणाला, "काय हरवलं काय, बाई?"

"वडलांचे लेख. वह्या सोडल्या होत्या इथे."

"कवा?"

"वर्ष झालं."

"मग आता कुठल्या घावत्यात!" म्हणाला आणि धोतर पिळत गेला. मी तिथेच पायरीवर बसून रडले. सांगलीचं भडंग प्रसिद्ध आहे, जरूर आणा. मीही आणलं, अप्पांना चावणार नव्हतं तरी. रिकाम्या हातानं कसं जायचं?

परतीच्या गाडीत मात्र मी एक पाप केलं. कोरी वही उघडली आणि आष्ट्याच्या बाजारातलं वांग्यांचं भांडण लिहून काढलं. बारा ओळी. अप्पांनी लिहिलं असतं तसं. म्हणजे, लिहिलं असतं असं मला वाटलं तसं. तुलना करायला माझ्याकडे होतं काय?

घरी पोचले तर अप्पा जागे. मला बघताच पाच बोटं वर. "आणलंय," म्हटलं, आणि वाचून दाखवलं. शेवटपर्यंत डोळे मिटून ऐकलं. मग मान हलवली.

"हे तुझं."

नापसंती होती की शाबासकी, आजतागायत कळलेलं नाही. मग मात्र मी खोटं पुढे रेटू शकले नाही. फळ्यावरची जाहिरात, लाल फडकं, घाट, सगळं सांगून टाकलं.

"पोथी?" त्यांनी विचारलं.

"हो अप्पा. पोथीच समजले ते."

डाव्या डोळ्यातून एक धार लागली. हात त्यांनी पांघरुणाखाली घेतला. पुन्हा पाच बोटं वर झाली नाहीत. दहा दिवसांनी अप्पा गेले. गावातल्या प्रत्येकाचं निधन ज्यांनी फळ्यावर लिहिलं, त्यांचं लिहायला तो फळा मोकळा नव्हता.

तर मंडळी, तुमच्यासाठी "निवडक" नावाचं पान आजपासून वर उजवीकडे दिसेल. पाचच लेख ठेवलेत. पहिला वांग्यांच्या भांडणाचा, मी लिहिलेला सगळ्यात पहिला. आष्ट्याच्या कुणाजवळ अप्पांची एखादी ओळ उतरवलेली असेल तर कळवा, असं याआधी दोनदा लिहून पाहिलं. कुणाचंही उत्तर आलं नाही. पाचही लेख माझेच आहेत. अप्पांचे सगळे मी न वाचता पुसले, रोज एक, शाळेला उशीर होतो म्हणून.