गळ्यातली सवत

मला बिजवराला दिली. आमच्याकडे दुसरेपणावर आलेल्या बायकोच्या गळ्यात मेलेल्या पहिलीचा चांदीचा टाक बांधतात, म्हणजे ती त्रास देत नाही. मला तिने रोज दिला. नखाएवढी ती सवत काळ्या पोतीत ओवलेली, माझ्याच छातीवर बसलेली असायची.

हे वरवट बकालच्या शाळेत मास्तर होते. वऱ्हाडाचा कारभार तेव्हा नागपुरातून चालायचा आणि आमच्या घराचा त्या टाकातून. घरात यांनी कधी आवाज चढवला नाही. चढवला असता तर निदान भांडता आलं असतं. वांग्याची भाजी खाऊन नुसतं म्हणायचे, "बरी आहे. तिच्या हातची चव नाही आली." माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. जिवंत सवत असती तर झिंज्या उपटल्या असत्या. हिचं काय उपटणार?

शेवटी मी गावातल्या म्हाताऱ्या सुईणीला गाठलं. तिच्याकडे नवरा वश करायची पुडी मिळते हे विहिरीवरच्या सगळ्या बायकांना ठाऊक होतं, आणि कुणीच ती कधी घेतलेली नव्हती.

"भाजीत कालव," ती म्हणाली. "पण पह्यला घास त्याच्याच पोटात गेला पाह्यजे. ज्याले पह्यला घास, तो जनमभर तुह्या मांगं."

दुसऱ्या दिवशी मी वांगी केली आणि पुडी कालवली. ताट वाढलं, आणि सासूबाईंनी लावलेल्या सवयीने भाजीचा घास उचलून आधी टाकाला लावला. रोज तसाच लावायची. पहिला नैवेद्य सवतीला, मग घरधन्याला. ताट यांच्यापुढे ठेवताना टाकाला लागलेलं तेल दिसलं.

यांनी दोन घास खाल्ले. मान वर केली आणि चक्क हसले.

"आज जमली तुले," म्हणाले. "अगदी तिच्यावानी."

त्या दिवसापासून माझ्या हातची भाजी यांना आवडू लागली. एकदाही ती माझी म्हणून आवडली नाही.

हे गेले त्यालाही आता बरीच वर्षं झाली. पोत उतरवली तेव्हा मोठ्या जाऊबाईंनी टाकासाठी हात पुढे केला. "दे बाई, पूर्णेत सोडून देऊ. जाऊ दे तिले तिच्या नवऱ्यापाशी."

तिच्या नवऱ्यापाशी! मी मूठ उघडली नाही.

टाक माझ्या कुंकवाच्या रिकाम्या करंड्यात आहे, झाकण घट्ट लावून. पहिला घास तिनेच खाल्ला ना? मग राहा म्हणावं जन्मभर माझ्या मागे. यांच्याकडे आधी मी जाणार.