हे फळ्यावर कोण लिहील?

सातवीची पोरं बाईंना पाठीमागे भोंगा म्हणायची. आवाजच तसा होता. बाई वर्गात "वह्या काढा" म्हणाल्या की शेजारच्या वर्गातली निम्मी पोरंही वह्या काढायची. एवढा आवाज म्हणजे केवढा दरारा, असं सगळ्यांना वाटायचं. पण खरी गोष्ट अशी, की स्वतःचं बोलणं स्वतःला कळायला बाईंना तेवढं ओरडावंच लागायचं. डावा कान कधीच गेला होता. उजवा जाता जाता उंबऱ्यात रेंगाळत होता.

घरी नवऱ्याला हे ठाऊक होतं. तो शिलाई मशिनं दुरुस्त करायचा. हात थरथरायला लागल्यापासून घरीच बसून होता, आणि चूल पेटायची ती बाईंच्या पगारावर.

"ते कानातलं यंत्र काय डबीत ठेवायला आणलंय?" तो समोर येऊन, एकेक शब्द चावून म्हणाला.

"वर्गात लावून बघितलं. पंखा आभाळाएवढा गरजतो आणि पोरं मुंगीएवढी बोलतात."

"मग मोठ्या बाईंना एकदा सांगून टाक."

"टाकते की सांगून. मग उद्यापासून दोघं मिळून भिंतीवरच्या पाली बघत बसू."

पुढच्या वर्षी शाळेत भाषेला एकच शिक्षक ठेवायचा असं ठरलं होतं. एकीकडे बाई, दुसरीकडे धाकटे सर. सर माणूस गरीब होता, पण त्याचे दोन्ही कान शाबूत होते. मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, दोघांचाही तास मागच्या बाकावर बसून बघणार होत्या आणि मग ठरवणार होत्या.

बाईंनी त्या तासासाठी विषय घेतला अवतरण चिन्हांचा. त्याला कारण होतं. एरवी ही चिन्हं म्हणजे पोरांच्या हातात मिठाचा डबा. दिसेल तिथं भुरभुरायची. एकानं निबंधात आपल्या म्हशीच्या नावाला घातली होती. का रे, म्हटलं तर म्हणाला, "लाडकी आहे, बाई."

मग बाईंनी एक रीत काढली. एका पोरानं खिडकीपाशी उभं राहून मनाला येईल ते बोलायचं. दुसऱ्यानं ते फळ्यावर लिहायचं, कोण म्हणालं ते आधी आणि मग चिन्हांच्या आत तोंडातून निघालं तसंच्या तसं. पोरांना खेळ सापडला.

"बाई, शिंक आली तर ती पण आत घालायची का?"

हेसुद्धा कुणीतरी फळ्यावर लिहिलं तेव्हा बाईंना कळलं. "तोंडातून आली ना? मग घाल. नाकातून आली तर रुमालात घाल," बाई गरजल्या आणि वर्ग खदखदला.

सगळी शाळा म्हणायची, काय शिकवतात बाई! फळा हाच बाईंचा कान झालाय हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. पोरांना थोडा वास लागला असावा. पोरांना लागतोच. घंटा झाली की पोरं दप्तरं आवरायला घेत, ते बघून बाई म्हणत, "चला, झाली वेळ." कधीमधी एखादं बेणं घंटेआधीच दप्तर आवरायचं, आणि तास लवकर सुटायचा.

फळ्यावर लिहिण्यात सगळ्यांत तरबेज होती ती फटाकडी. बारीक चणीची, तुरुतुरु चालणारी. एकदा वर्गातला ढोल्या खिडकीपाशी म्हणाला, "फटाकडीचं डोकं म्हणजे रिकामं मडकं." तिनं लिहिलं, ढोल्या म्हणाला, "फटाकडी फार हुशार आहे." ढोल्या नाचत बाईंच्या पुढ्यात आला. "मी असं म्हटलंच नाही, बाई! शप्पथ!"

बाईंनी डस्टर तिच्या हातात दिलं. "पूस. आत जे जाईल ते ज्याचं त्याच्या तोंडचं. गोड लागो, कडू लागो. तुझं शहाणपण चिन्हांच्या बाहेर ठेव. कळलं?"

कळलं. चांगलंच कळलं.

तास बघायच्या दिवशी मोठ्या बाई आल्या आणि मागच्या बाकावर टेकल्या. खडूच्या धुरळ्यानं त्यांना धाप लागायची, म्हणून तोंडावर रुमाल. ओठच दिसत नाहीत म्हटल्यावर वाचायचं काय?

तास मात्र रंगला. ढोल्या बोलला, कुणी लिहिलं, कुणी खोडलं. बाईंचा जीव जरा भांड्यात पडला. आता दप्तरं आवरायला लागली की सुटले, असं त्यांच्या मनात आलं.

इतक्यात सगळ्या माना मागं वळल्या. रुमाल हलत होता. मोठ्या बाई काहीतरी म्हणत होत्या. मग रुमाल थांबला आणि माना पुढं वळल्या, बाईंकडे.

बाईंनी हसू आणलं. आवाज निघाला, भिंती हादरतील असा.

"वा! फार छान वाक्य आहे! हे फळ्यावर कोण लिहील?"

एकही हात वर झाला नाही. रोज लिहायला एकमेकांना तुडवणारी पोरं बाकाला चिकटून बसली होती. बाईंनी फटाकडीला बोट दाखवलं. ती उठली. वाटेत ढोल्यानं तिची बाही ओढली आणि तो खालमानेनं पुटपुटला, "दुसरंच काहीतरी लिही गं." तिनं एकदा बाईंकडे बघितलं, एकदा डस्टरकडे. मग खडू उचलला.

मोठ्या बाई म्हणाल्या, "बाई, मी आत्ता काय म्हणाले ते तुम्हाला ऐकू आलं का?"

अक्षर सुरेख. चिन्हं जागच्या जागी. बोट ठेवायला जागा नाही.

बाईंनी वाचलं. पुन्हा वाचलं. मग काय करावं ते न सुचून त्यांनी शिकवायलाच घेतलं. "बघा, इथं चिन्ह उघडलं. इथं बंद केलं. मधले शब्द कुणाचे? मोठ्या बाईंचे." आवाज चढत चालला होता. कपाळावर घाम, हातात पट्टी, एकाच वाक्यावर पट्टी पुन्हा पुन्हा फिरत होती. उघडलं, बंद केलं. उघडलं, बंद केलं. पोरं टक लावून बघत होती. दप्तराला कुणी हात लावत नव्हतं, म्हणून बाई थांबत नव्हत्या. थांबल्या असत्या तर मागं बघावं लागलं असतं.

मग दारात धाकटे सर दिसले. पुढचा तास त्यांचा होता. किती वेळचे उभे होते कुणास ठाऊक. पुस्तक छातीशी धरून, चोरी करताना सापडल्यासारखे.

"घंटा झाली?" बाईंनी विचारलं.

सरांनी मान डोलावली.

"कधी?"

"मघाशीच, बाई."

हे ओठ बाईंनी नीट वाचले. त्यांनी पट्टी टेबलावर ठेवली आणि पदरानं तोंड पुसलं. मोठ्या बाई उठून पुढं आल्या होत्या. फळ्याजवळ आल्या तशी धाप लागली, त्यांनी रुमाल तोंडावर घट्ट धरला आणि रुमालाच्या आडून काहीतरी म्हणाल्या. बराच वेळ म्हणत होत्या. धाकटे सर जमिनीकडे बघायला लागले.

फटाकडी अजून फळ्यापाशीच होती. ती वळली, आणि तिनं लिहायला हात वर केला.

बाईंनी तिच्या बोटांतला खडू काढून घेतला.

"हे राहू दे, बाळ," त्या म्हणाल्या. पहिल्यांदाच इतक्या हळू, की मागच्या बाकांवर ते कुणाला ऐकूच गेलं नाही.