सही होईपर्यंत गोळी नाही

आमच्या मुठा गावातले निम्मे शनिवार-रविवारचे बंगले भिकू गवंड्यानं बांधले. त्यातल्या कितीकांत एरवी फक्त पाली राहतात, पण भिंती ओळंब्यात, सरळसोट आहेत. स्वतःसाठी त्यानं रस्त्याकडेला दोन खोल्या बांधल्या, त्या मात्र पावसात गळायच्या. आम्ही चिडवलं की म्हणायचा, "बंगलेवाल्यांचं शिमिट हितं कुटं?"

त्या खोल्यांत त्याच्याबरोबर रत्नाबाई राहायची. ती त्याची लग्नाची बायको नव्हे. लग्नाची बायको पोराला, म्हणजे माऊलीला, घेऊन सूसला माहेरी गेली. ती परतली नाही आणि तिनं सोडचिठ्ठीही दिली नाही. रत्नाबाई वाळू-सिमेंटचा माल कालवायला मजुरीवर आली आणि राहिली. गावानं दोन-चार वर्षं तोंड वाजवून घेतलं, मग गावालाच कंटाळा आला.

भिकूच्या फुप्फुसातला कॅन्सर हाडांत उतरल्यावर दवाखान्यानं त्याला घरी पाठवलं. घरी पाठवलं म्हणजे संपलं, एवढंच आम्हाला कळतं. पण पुण्याच्या एका संस्थेतली उषाताई नावाची नर्स स्कूटरवरून येऊ लागली. ती म्हणाली, "आजार बरा होणार नाही, पण दुखणं कमी करता येतं. ते करायलाच मी येते." तिनं पाठीवरची जखम धुतली, रत्नाबाईला कूस बदलायला शिकवलं आणि मॉर्फिनच्या गोळ्या दिल्या. पहिले एक-दोन दिवस गुंगी येईल, मग उतरेल, हेही सांगितलं.

गुंगी हा शब्द हैबतरावानं उचलला. हैबतराव जमिनीचे व्यवहार जुळवतो, त्यामुळे आमच्याकडे कायदा म्हणजे तोच. भिकूला घर रत्नाबाईच्या नावावर बक्षीस करून द्यायचं होतं. नाहीतर त्याच्यामागं माऊली तिला दारात उभं करणार नव्हता. मृत्युपत्रावर भिकूचा भरवसा नव्हता. अशी मृत्युपत्रं कोर्टात कुजताना त्यानं पाहिली होती. हैबतराव म्हणाला, "नशेच्या गोळीवर असताना केलेली सही टिकत न्हाई. माऊली उद्या कोर्टात जाईल. नोंदणीचा साहेब घरी येऊन सही घेईल, तवर गोळी देऊ नका."

साहेबांची तारीख पंधरवड्यानंतरची मिळाली.

"मी सोसतो," भिकू म्हणाला. "सही झाली की दे."

रत्नाबाईनं गोळ्या पिठाच्या डब्यामागं ठेवल्या. उषाताई आली की दोघं खोटं बोलायची, गोळ्या घेतोय म्हणून. ताईला वाटलं, गोळी पुरत नाही. तिनं मात्रा वाढवून दिली. ती पाकिटंही डब्यामागं गेली. सुरुवातीला भिकू उशी चावायचा. पुढं ओरडू लागला. त्याचं ओरडणं रस्त्यापलीकडे आमच्या घरात यायचं आणि आम्ही टीव्ही मोठा करायचो. जेवण सुटलं, झोप सुटली. रत्नाबाई डब्याकडं जायची, तो ओरडतच "नगं" म्हणायचा.

साहेब आले, सज्जन माणूस. खाटेशी वाकून त्यांनी विचारलं, "तुमचं नाव काय?"

भिकू कण्हत राहिला.

"घर कुणाला देताय?"

"मारा," भिकू म्हणाला. "मारून टाका मला."

साहेबांनी पुन्हा विचारलं, पुन्हा तेच उत्तर आलं. ते उभे राहिले. "हे भानावर नाहीत. मला नोंदणी करता येणार नाही." हैबतराव चप्पल शोधत बाहेर गेला.

उषाताईला खरं कळलं तेव्हा ती आधी चिडली आणि मग खाटेच्या कडेला बसून रडली. "अहो, गोळीनं नाही, दुखण्यानं भान जातं. मला विचारायचं तरी!" तिनं स्वतःच्या हातानं गोळी दिली.

भिकू गाढ झोपला, दुसरा दिवसही झोपूनच काढला. तिसऱ्या दिवशी उठून बसला आणि रत्नाबाईकडे चहात बुडवून खारी मागितली. गवंडी पुन्हा आमचा गवंडी झाला. जो भेटायला येईल त्याला खणखणीत आवाजात सांगायचा, "माझं नाव भिकू. हे घर रत्नाचं हाय. मी राजीखुशीनं दिलंया." साहेबांना पुन्हा बोलावलं होतं. त्यांची तारीख यायच्या आधी, एका दुपारी, रत्नाबाई त्याचे पाय चोळत असताना तो गेला. कण्हला नाही.

तेराव्यानंतर माऊली कुलूप घेऊन आला. आम्ही चार माणसं पुढं झालो, बापाचं बोलणं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "गोळ्या खाऊन बोलत हुता त्यो."

हैबतराव कोर्टाच्या गोष्टी काढू लागला. रत्नाबाईनं त्याला हातानं थांबवलं. तिचं गाठोडं आधीच बांधलेलं होतं.

"घर ऱ्हाऊ द्या माऊलीला," ती म्हणाली. "घरात गोळ्या हुत्या, दादा. आन म्या पंधरा दिस त्याला वरडू दिलं."