हात दिसले पाहिजेत

पिंपरी कॅम्पाच्या मागच्या गल्लीत शौकतभाईंचं स्कूटर दुरुस्तीचं गॅरेज होतं. शौकतभाई जन्मापासून कर्णबधिर. इंजिनावर तळहात ठेवून ते बिघाड ओळखायचे, आणि गिऱ्हाइकाशी बोलायचं काम त्यांची लेक खुशनुमा करायची, पहिलीत होती तेव्हापासून. अब्बांच्या हातांकडे बघून ती सांगायची, "प्लग गेलाय, परवा या." घरात खुणांची भाषा हीच तिची मायबोली. मराठी नि हिंदी तिला गल्लीने शिकवली.

पुढे तिने खुणांच्या भाषेचं रीतसर शिक्षण घेतलं आणि ती दुभाषी झाली. आज चौतिशीत आहे, पिंपळे सौदागरला सोसायटीत राहते. दवाखान्यात, कोर्टात, कॉलेजात, जिथे कर्णबधिर माणसाचं अडतं तिथे जाते. आपल्या कामाबद्दल तिने कधी फुशारकी मारली नाही. पण काम नीट झालं नाही तर ती झालं म्हणतही नाही. निघोज्याच्या कंपनीत तिच्या याच स्वभावाने गोष्ट घडवली.

मोटारींचे पत्र्याचे भाग बनवणारी ती कंपनी. सतरा कर्णबधिर कामगार होते. दर महिन्याला कंपनीच्या तिन्ही कारखान्यांची मिळून सुरक्षेची व्हिडिओ मीटिंग व्हायची. हे सतरा जण कँटीनमध्ये मोठ्या पडद्यासमोर बसायचे आणि नंतर सुपरवायझर कागदावर दोन ओळी लिहून द्यायचा. कामगारांचं बघणाऱ्या अंजली मॅडमनी वर खटपट करून दुभाषी मंजूर करून घेतली. खुशनुमाने घरून लॅपटॉपसमोर बसून काम करायचं ठरलं.

पहिली मीटिंग सुरू झाली. मीटिंग चालवणाऱ्या मोठ्या साहेबांनी पडद्यावर तक्ते लावले आणि खुशनुमाचं चित्र काडेपेटीएवढं झालं. मग दुसऱ्या कारखान्यातले कुणी बोलायला लागले, तशी ती काडेपेटीही गेली. ज्याचा आवाज येतो त्याला पुढे आणायचं, एवढंच त्या यंत्राला कळत होतं. खुशनुमाच्या कामाला आवाज नव्हताच, होते ते हात. कँटीनमधून एक उंच, सावळा माणूस उठून उभा राहिला. दोन्ही हात वर करून तो सांगत होता, दिसत नाही, दिसत नाही! खुशनुमाला तो तिच्या पडद्याच्या कोपऱ्यात दिसला. तिने तोंडाने सांगून पाहिलं, पण दोन साहेब एकाच वेळी बोलत होते. त्यांत तिचा आवाज विरून गेला. एकटीने पन्नास मिनिटं हात चालवले. शेवटी मनगटं इतकी भरून आली की एक तारीख चुकली, आणि ती चुकल्याचं तिला कळलंही.

मीटिंग संपल्यावर सगळ्यांनी अंगठे दाखवले. अंजली मॅडमचा निरोप आला, "छान झालं!"

दुसऱ्या दिवशी सकाळी खुशनुमा स्कूटर काढून निघोज्याला गेली. कँटीनमध्ये सतरा जणांना तिने सरळ विचारलं, "काल काय कळलं?"

कालचा तो उंच माणूस पुढे आला. गणराज त्याचं नाव, निलंग्याकडचा, नऊ वर्षं पत्रा दाबणाऱ्या प्रेस मशीनवर. हातांनी म्हणाला, "साहेब हसले, म्हणून आम्हीही हसलो. बाकी काही नाही, ताई." मग त्याचे हात भराभर चालू लागले. "तीन महिने मला एक सांगायचंय. नव्या प्रेसचा लाल दिवा मागच्या बाजूला लावलाय. धोका झाला की मशीन शिट्टी देतं, ऐकणारे हात काढून घेतात. आम्हाला शिट्टी नाही, दिवा पाहिजे, आणि दिवा पाठीमागे! कागदावर लिहून दिलं होतं. कागद कुठे गेला, देव जाणे."

खुशनुमा तशीच उठून अंजली मॅडमच्या खोलीत गेली.

"मॅडम, काल मी जे काम केलं ते झालंच नाही."

"अगं, सगळे खूश होते!"

"ऐकणारे खूश होते. ज्यांच्यासाठी मला बोलावलंत त्यांना मी दिसलेच नाही."

अंजली मॅडम बाई मनाने स्वच्छ. त्यांनी वही पुढे ओढली. "सांग, काय काय लागेल?"

खुशनुमा सांगत गेली. दुभाषीची चौकट पडद्यावर पक्की बसवायची, तक्ते आले तरी हलता कामा नये. दुभाषी दोन हव्यात, वीस मिनिटांनी पाळी बदलायची. तक्ते आदल्या दिवशी मिळावेत. बोलणाऱ्याने आधी नाव सांगायचं, आणि एका वेळी एकानेच बोलायचं. कँटीनमध्ये एक वेगळा कॅमेरा हवा, कामगाराला बोलायचं असेल तर तो त्यासमोर उभा राहील आणि सगळ्यांच्या पडद्यावर तोच मोठा दिसेल.

हे साहेबांपर्यंत गेलं. साहेबांनी कपाळाला आठ्या घातल्या. "एकेकाने बोलायचं म्हटलं तर मीटिंग लांबेल हो."

"लांबेल, साहेब," खुशनुमा म्हणाली. "दहा मिनिटं लांबेल. पण सतरा माणसं पहिल्यांदाच मीटिंगला येतील."

साहेब म्हणाले, "करून बघू."

आधी तालीम झाली. दुसरी दुभाषी पिंकी चिंचवडची, ती फुलाफुलांचा कुडता घालून बसली. त्यावर तिचे हातच उठून दिसेनात, मग गडद रंगाचा साधा कुडता ठरला. संगणक बघणाऱ्या सनीने हौसेने दोघींच्या मागे समुद्रकिनाऱ्याचं चित्र लावलं, तर त्या चित्राने बोटंच गिळून टाकली. ते काढून साधी भिंत ठेवली, दिवा समोरून घेतला. पडद्याखाली आपोआप उमटणारी अक्षरंही लावून पाहिली. तिथे 'प्रेसचा गार्ड' म्हटलं की 'प्रेसचा गाढव' उमटायचं. गणराज पोट धरून हसला. म्हणाला, "अक्षरं ठेवा, पण दुभाषी काढू नका."

पुढच्या महिन्यात तिन्ही कारखान्यांचे लोक जमले. खुशनुमाची चौकट तक्त्यांच्या शेजारी ठाण मांडून बसली होती. विसाव्या मिनिटाला पिंकीने पाळी घेतली, चाळिसाव्याला पुन्हा खुशनुमाने. आणि गणराजने हात वर केला.

"थांबा," अंजली मॅडम म्हणाल्या. "गणराजना बोलायचंय."

सगळ्यांच्या पडद्यावर गणराज मोठा झाला. त्याचे हात बोलत होते आणि खुशनुमा त्यांना आवाज देत होती: "मी गणराज. नव्या प्रेसचा दिवा पाठीमागे आहे. मला तो दिसत नाही. शिट्टी मला ऐकू येत नाही. दिवा समोर, डोळ्यांच्या उंचीवर घ्या. आणि फक्त माझ्यासाठी नको. दुपारी सगळ्या मशीन चालू असतात तेव्हा ऐकणाऱ्यालाही शिट्टी कळत नाही."

मग दुसऱ्या कारखान्यातले देखभालीचे प्रमुख म्हणाले, "नाव सांगायचं राहिलं, मी ज्ञानदेव. खुशनुमा मॅडम, त्यांना विचारा, असे किती दिवे—"

"त्यांनाच विचारा," अंजली मॅडम मध्येच म्हणाल्या.

ज्ञानदेवांनी घसा साफ केला. "गणराजभाऊ, असे दिवे किती मशीनना आहेत?"

"आमच्याकडे सहा. तुमच्याकडचे तुम्ही मोजा."

तिन्ही कारखान्यांत हशा पिकला, आणि या खेपेला सतरा जण इतरांच्या बरोबरीने हसले. मीटिंगच्या शेवटी कँटीनमध्ये चौतीस हात वर होऊन हलले, कर्णबधिरांच्या टाळ्या त्या अशाच. साहेबांनीही आपले हात वर केले, जरा अवघडून, पण केले. पंधरवड्यात दिवे पुढे आले. गणराजला सुरक्षा समितीवर घेतलं.

तीन महिन्यांनी खुशनुमाने अब्बांना घरी बोलावलं आणि मीटिंगच्या वेळी कॅमेऱ्याबाहेर खुर्चीत बसवलं. सत्तरी गाठलेले शौकतभाई चष्मा पुसून तासभर हलले नाहीत. त्या दिवशी क्रेनखालून माल नेण्यावरून गणराज साहेबांशी चांगला वाद घालत होता. साहेब त्याचं पूर्ण होईपर्यंत थांबत होते, मग आपलं म्हणत होते, आणि खुशनुमा एकदा त्याचा आवाज होत होती, एकदा साहेबांचे हात.

मीटिंग संपल्यावर तिने विचारलं, "कसं झालं, अब्बा?"

शौकतभाईंनी आधी चूक काढली. "अंगठा आळशी झालाय तुझा." मग त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि थोड्या वेळाने तो काढून हातांनी म्हणाले, "तो साहेबाशी भांडत होता. आणि साहेब थांबून बघत होता. मी असं कधी पाहिलं नव्हतं, बेटा."

त्या आठवड्यात त्यांनी ही हकीकत पिंपरीतल्या आपल्या प्रत्येक दोस्ताला सांगितली. ज्यांना खुणा येत नव्हत्या, त्यांनाही.