बेंटनबाईंच्या ओसरीवरचं पाणी

वैशाखातल्या भर दुपारी काळा लोकरी कोट घालून हिंडणारा माणूस अख्ख्या बुऱ्हाणपुरात एकच होता, आणि तो आमच्याच घरातला होता. वामन मास्तर, म्हणजे माझ्या आईचे वडील. आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो. आमच्या बुधवारा पेठेतल्या शाळेत ते इंग्रजी शिकवायचे आणि इंग्रजीवर त्यांचा जीव इतका, की साहेब कोट घालतो म्हणजे त्यात काहीतरी असणारच असं त्यांना मनापासून वाटायचं. माझी आजी कोकिळा तेवढीच सडेतोड. "साहेबाच्या गावात बर्फ पडतो," ती म्हणायची. "तुमच्या डोक्यात पडलाय का?" आप्पा हसायचे आणि कोटाचं वरचं बटण लावायचे.

पुढची हकिकत घडली तेव्हा नाण्यावर सातवा एडवर्ड होता आणि मी आईच्या पोटात होते. म्हणजे साक्षीदार म्हणून माझा काडीचा उपयोग नाही. पण आप्पा एक बाजू सांगायचे, आजी दुसरी, आणि शेजारच्या भागाबाई दोघांनाही खोटं पाडायच्या. हे इतक्या वेळा झालं की आता मला सगळं डोळ्यांनी पाहिल्यासारखं वाटतं.

त्या वर्षी फाल्गुनात मिस बेंटन नावाची डॉक्टरीण गावात आली. नागपूरच्या कुठल्याशा मंडळानं तिला पाठवलं होतं. इतवाऱ्यात ऐसपैस ओसरीचं एक घर भाड्यानं घेऊन तिनं बायकांचा दवाखाना उघडला. उंच, लालबुंद, हसरी बाई. तिला मराठी शिकवायला आप्पा रोज सकाळी शाळेआधी जायचे. तो तास म्हणजे आप्पांचा दिवसातला खरा सण. ती मराठी शिकायची आणि हे उलट तिच्याकडून इंग्रजी काढून घ्यायचे, पगार मात्र यांनाच मिळायचा.

एकदा तिनं विचारलं, "मास्तर, वॉर्म हार्टला मराठीत काय म्हणायचं?"

आप्पा म्हणाले, "गरम काळीज." मग स्वतःच दचकले. "छे, छे. हे तर खाटकाच्या दुकानात उभं राहून बोलल्यासारखं झालं."

मग तिनं त्यांना तिच्या गावच्या गोष्टी सांगितल्या. तिकडे ऊन पडलं की लोक एकमेकांना आनंदाची बातमी दिल्यासारखं सांगतात, आज वॉर्म आहे म्हणून. हिवाळ्यात संध्याकाळी सगळं घर शेकोटीपाशी जमतं आणि पाहुण्याला शेकोटीजवळची खुर्ची देतात. म्हणून प्रेमळ माणूस वॉर्म. आगतस्वागत वॉर्म, मिठी वॉर्म, आभारसुद्धा वॉर्म. ज्याला आपली पर्वा नाही तो कोल्ड. तो नुसता बघतो तरी अंगावर बर्फ पडतो. अनोळखी माणसांच्या मध्ये बर्फ असतो आणि तो कुणीतरी आधी फोडावा लागतो. राग गेला की माणूस वितळतो. आप्पांना हे सगळं इतकं आवडलं की त्या दिवशी ते शाळेत उशिरा पोचले.

"आमचं सगळं उलटं आहे, मिस साहेब," ते तिला म्हणाले. "लेकराला पाहिलं की आमचे डोळे निवतात. माहेरचं माणूस आलं की जीव गार होतो. आणि घरात कुणी गरम झालं, तर बाकीचे ओसरीवर येऊन बसतात."

"मग तुमच्याकडे ऊब नाहीच?"

"आहे की! मायेची ऊब आहे, आईच्या कुशीची ऊब आहे. पण ती पौषात. वैशाखात कुशीत घ्यायला गेलं तर लेकरू ढकलून देतं."

साहेबाचं प्रेम चुलीपाशी आणि आपलं रांजणापाशी, असा आप्पांनी सिद्धांतच करून टाकला. पंडितांनी त्यात खुशाल खोट काढावी. आमच्या घरात आजीनं काढलीच होती. "रांजण रोज भरतं कोण ते पण सांगा तुमच्या बाईला," ती म्हणाली.

हे झालं हसण्याबोलण्याचं. पण त्या वर्षी आप्पांच्या मनाला एक घोर लागला होता. उषा, म्हणजे माझी आई, पहिलटकरीण होती आणि बाळंतपणाला माहेरी आली होती. आजीची पहिली दोन मुलं जन्मतानाच गेली होती आणि दुसऱ्या खेपेला आजीही जाता जाता राहिली होती. तेव्हा आप्पा दाराबाहेर उभे राहून नुसते ऐकत होते. आता गावात शिकलेली डॉक्टरीण आहे, तर उषाच्या वेळी ती उशाशी असावी, एवढीच त्यांची इच्छा होती. आजी म्हणाली, "परक्या हातानं माझ्या लेकीला शिवायचं नाही." तिनं विषय तिथंच संपवला.

आणि आजीचा होकार मिळेपर्यंत दवाखाना राहतो की नाही हाही प्रश्नच होता. कारण तिथं कुणी फिरकत नव्हतं. पावसाळ्याआधी ओसरी भरली नाही तर दवाखाना बंद करून बाईंना दुसऱ्या गावी पाठवायचं, असं नागपूरहून कळलं होतं. बेंटनबाई बिचारी रडकुंडीला आली. येईल त्या बाईचं ती मनापासून स्वागत करत होती आणि आलेली बाई दुसऱ्यांदा येत नव्हती.

आप्पांनी भागाबाईंना गाठलं. त्या एकदा कान दाखवायला जाऊन आल्या होत्या.

"बाई मायाळू शे, मास्तर," भागाबाई म्हणाल्या. "पन उन्हातून आलेल्या बाईले कोनी असं धरतं का? दोन्ही हात धरले, अंगाशी घेतलं, आन वढतच आत नेलं. आत दारंखिडक्या बंद. वरून म्हने चाय घ्या! माह्या जिवाची नुसती लाही लाही झाली. पानी पन इचारलं नाही हो कोनी."

आप्पा मटकन खाली बसले. तासच्या तास शेकोटी आणि रांजणावर गप्पा मारल्या, आणि दारात आलेल्या माणसाला आधी पाणी द्यायचं असतं हे बाईला सांगायचंच राहून गेलं होतं! गूळ-पाणी पुढे ठेवायचं, माणसाला घाम पुसू द्यायचा, मग कसं आलात म्हणून विचारायचं. हे कुणाला शिकवावं लागतं असं त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. बाईनं तिच्या गावाप्रमाणे प्रत्येकीला शेकोटीजवळची खुर्ची दिली होती, आणि ती बुऱ्हाणपूरच्या उन्हाळ्यात.

सांगितल्यावर बेंटनबाई लगेच तांब्या घेऊन उठली. तिला पुन्हा खाली बसवावं लागलं. तिच्या हातचं पाणी गावात चालणार नव्हतं. त्या काळी ते तसंच होतं. आप्पांना ते सांगताना लाज वाटली आणि तिला ऐकताना वाईट वाटलं.

मग आप्पांना आखाजी आठवली. अक्षयतृतीयेला आमच्याकडे पितरांच्या नावानं पाण्याची घागर देतात आणि ज्याला जमेल तो पाणपोई घालतो. आप्पांनी पाणपोई घातली ती नेमकी दवाखान्याच्या ओसरीवर. ओल्या वाळूत रांजण रोवले, वाळ्याचे पडदे सोडले, जाळी करंजाच्या हौदावरून पाणी आणवलं. पाणी पाजायला मात्र कुणी मिळेना. मडमेच्या दारात बसायचं कुणी? शाळेला सुटी होती. वामन मास्तर स्वतःच बसले, पगडी आणि काळा कोट घालून.

पाणपोई जोरात चालली. टांगेवाले आले, विणकर आले, कापसाच्या गाड्या हाकणारे शेतकरी आले. एक बोकडसुद्धा रोज यायचा. दवाखाना बायकांचा आणि पाणी प्यायला सगळे बाप्ये! बायका यायच्या, पण ओसरीवर मास्तर दिसले की डोक्यावरचा पदर नाकापर्यंत ओढायच्या, घाईघाईनं एक ओंजळ प्यायच्या आणि निघून जायच्या. त्यात आप्पा ओगराळं इतकं उंच धरायचे की पाणी ओंजळीपेक्षा कोपरावरूनच जास्त वाहायचं.

ही बातमी भागाबाईंनी चांगली तिखटमीठ लावून आजीच्या कानावर घातली. आजी पायांत वहाणा सरकवून थेट इतवाऱ्यात आली. ओसरीवर चिखल झालेला, आप्पा ओलेचिंब, समोर बोकड.

"उठा," आजी म्हणाली. "पाणी पाजायची ही काय रीत झाली? लोक मलाच नावं ठेवतील."

आप्पा उठले. पुढे आयुष्यभर ते सांगायचे की आजीला तिथं आणायची ती युक्ती मुळात त्यांचीच होती. ते साफ खोटं आहे.

एक दिवसापुरती बसलेली आजी रोज दुपारी बसू लागली. तिच्या हातचं पाणी गावभर चालायचं आणि तिची जीभ तर त्याहून चालायची. पाणी ओतता ओतता ती विचारायची, "कुणाची गं तू? कोणत्या गल्लीतली? तोंड असं का उतरलंय?" बाईचा घाम वाळेपर्यंत सगळं दुखणं बाहेर आलेलं असायचं. मग आजी आत बघून हाक मारायची, "ओ बेंटनबाई, हिच्या पाठीत कळ येते म्हणते!" बेंटनबाईही शहाणी झाली. चहा तिनं बंद केला, खिडक्यांना वाळ्याचे पडदे लावले, आणि आलेली बाई पदरानं तोंड पुसून स्वतःहून उठेपर्यंत ती उंबऱ्याच्या आत उभी राहू लागली. आप्पा म्हणायचे, बर्फ फुटला. आजी म्हणायची, गप्प बसा.

नागपूरचे साहेब पाहणीला आले त्या दिवशी ओसरीवर पाय ठेवायला जागा नव्हती. दवाखाना राहिला. आप्पा पेढे घेऊन घरी आले आणि हळूच म्हणाले, "मग आता उषाचं..."

आजीनं पेढा परत ठेवला. "दारात बसून पाणी पाजणं निराळं," ती म्हणाली. "ते पुण्य आहे. घरात आणून लेकीला शिवू देणं निराळं. एकदा सांगितलं ना?"

आप्पांचा चेहरा पडला. हट्ट करावा तर घर पेटतं, आणि गप्प बसावं तर रात्री झोप लागत नव्हती.

ज्येष्ठात एका सकाळी आईला कळा सुरू झाल्या. सुईण होती, भागाबाई होत्या, आजी होती. उन्हं चढली, आईचा आवाज बारीक होत गेला आणि सुईणीनं हात टेकले. "मूल आडवं शे," ती म्हणाली. "मले नाही जमनार, वहिनी."

आजी बाहेर आली. आप्पा दारातच उभे होते. आजी त्यांच्याकडे बघत राहिली, आणि मग एकदम ओरडली, "उभे काय राहिलात? आणा तिला! पळा!"

आप्पा अनवाणी पळाले. बुधवारा ते इतवारा, डोक्यावर ऊन, पायाखाली तापलेली फरशी. बेंटनबाई पेटी घेऊन त्यांच्याही पुढे पळत आली. दारात आजीनं तिला पाणी विचारलं नाही, कसं आलात विचारलं नाही, तिचे दोन्ही हात घट्ट धरले आणि ओढतच आत नेलं. आप्पांच्या तोंडावर दार लागलं.

आप्पांना वाटलं होतं, दुभाषी म्हणून आपली गरज लागेल. ते दाराला कान लावून बसले. आतून त्यांनीच शिकवलेलं मराठी ऐकू येत होतं. "भिऊ नको. श्वास घे. आता नाही. आता नाही. आता!" व्याकरणाची एकही चूक नव्हती, आणि आप्पा बाहेर बसून ढसाढसा रडत होते. मग मी रडले. नंतर आई काहीतरी बोलली आणि मगच आप्पांनी डोळे पुसले.

पुढचं भागाबाईंनी सांगितलेलं. दार उघडलं तेव्हा मी सुईणीच्या हातात होते, आई दमून पडली होती, आणि इतका वेळ ताठ उभी असलेली आजी भिंतीला धरून घसरत खाली बसली. सकाळपासून तिनं पाण्याचा थेंब घेतला नव्हता. बेंटनबाई धावत माठापाशी गेली आणि तिथंच थबकली. हात पुढे झालेला, पण माठाला लागलेला नव्हता. इतके दिवस आजीच्या मागे उभं राहून तिला सगळं कळलं होतं. ती दाराकडे वळून म्हणाली, "कोणीतरी या. यांना पाणी हवं आहे."

भागाबाई उठायला लागल्या. आजीनं त्यांना हातानं थांबवलं.

"तुम्हीच द्या, बाई," ती म्हणाली.

बेंटनबाईला वाटलं, आपल्याला मराठी नीट समजलं नाही. तिनं आप्पांकडे बघितलं. आप्पांनी मान हलवली. तिनं माठातून पाणी काढलं, आजीपाशी येऊन उकिडवी बसली आणि फुलपात्र पुढे केलं. आजी सगळं पाणी गटागटा प्यायली.

दारात गल्लीतल्या बायका जमल्या होत्या. भागाबाईंच्यानं राहवलं नाही. "वहिनी," त्या म्हणाल्या, "हे काय केलं वो?"

आजीनं त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. तिनं पदरानं आधी बेंटनबाईच्या कपाळावरचा घाम पुसला, मग आपलं तोंड, आणि रिकामं फुलपात्र पुन्हा तिच्या पुढे केलं.

"अजून द्या," ती म्हणाली.